आठवी जोडी

म्हात्रे मॅडमच्या साठीच्या सत्काराला पुस्तक निघतंय, त्यात लेख लिहायला सांगितलाय, तर नको ते आधीच सांगून टाकतो. मॅडमची ती स्लाइड मी फोडली.

कुठली, ते त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मॅडम रेवदंड्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कांद्याच्या कळीपासून एक स्लाइड स्वतः बनवली आणि वर्षानुवर्षं तीच दाखवून अर्धसूत्री विभाजन शिकवलं. कांद्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. या स्लाइडवर मोजल्या की सातच भरायच्या. मॅडम म्हणायच्या, "आठवी मागे दडलीय. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका."

माझी त्यांची ओळख बारावीत झाली. मी प्रयोगशाळेच्या खणात जिवंत चिंबोरी सोडली होती. दुसऱ्या कुणी मला हाकललं असतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, नर की मादी? मी चिंबोरी उलटी केली, पोटावरचं झाकण रुंद होतं, मादी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटाची चावी दिली. मला तोवर कुणी कशाचीच चावी दिली नव्हती.

त्याच चावीनं मी आठवी जोडी शोधायला गुपचूप ती स्लाइड काढली, मायक्रोस्कोपची नळी जास्त खाली आणली, आणि कट्.

स्लाइड गेली त्यापेक्षा चावी जाईल याची भीती होती. मी मॅडमच्या वहीतून कृती उतरवली आणि नागावला आत्याच्या पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यात गेलो. तिला अभ्यासाला म्हणून फुलांच्या कळ्या मागितल्या.

"बियाचा कांदा हाय तो. अभ्यासाला फुलं, आणि तुला? कोणाला द्यायचीत ती सांग."

उमललेली कळी उपयोगाची नाही, तिच्यातलं काम आटपलेलं असतं. अगदी बारीक कळी लागते. ती रंगवायची आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायची. अकरा वाया गेल्या. पण पुस्तकात जे कधी शिरलं नव्हतं ते डोळ्यांनी बघितलं. जोडीतली दोघं जवळ येतात, एकमेकांना आपला तुकडा देतात, मग वेगळी होतात. परागकणात निम्मीच जातात, आठ. उरलेली आठ समोरच्याकडून यायची. बाराव्या स्लाइडच्या कडा बहिणीच्या नेलपॉलिशनं बंद केल्या, जुनं लेबल चिकटवलं आणि डबीत ठेवून दिली.

प्रॅक्टिकलच्या आधी उजळणी होती. आमच्या वर्गातली हुशार शबाना मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, "मॅडम, आठ आहेत."

मॅडम वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. मी खिडकीतून होड्या मोजत होतो. "आठच असतात," एवढंच म्हणून त्यांनी शिकवणं पुढे चालू ठेवलं.

वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. मी चावी टेबलावर ठेवली.

"गुणसूत्रंसुद्धा तुटतात रे," मॅडम म्हणाल्या, "पण तिथल्या तिथे जोडली जातात. तू पंधरा दिवस लावलेस. रिकामी डबी बघत होते मी." मग चावी माझ्याकडे सरकवली. "कपाट कोण लावणार?"

पुढे ती स्लाइड कायमची टिकावी म्हणून त्यांनी माझ्याकडूनच पक्की करून घेतली. ही गोष्ट कुठेच बोलल्या नाहीत. मी फिजिक्सला दोनदा आपटलो, दोन्ही वेळा मॅडमनी चौलहून रिक्षानं माझ्या घरी येऊन फॉर्म भरून घेतला. आज मी नागावला बनाना बोट चालवतो आणि बारावी पास आहे, ते त्यांच्यामुळे.

मॅडमना उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो, कारण तिचं आज काम आहे. 'मॅडमच्या हातची तीस वर्षांपूर्वीची स्लाइड' म्हणून सत्कार समितीनं ती काचपेटीत मांडलीय, शेजारी मायक्रोस्कोपही ठेवलाय. समितीवाले लेख वाचत नाहीत, पानं मोजतात, त्यामुळे ती माझ्या हातची आहे याचा त्यांना पत्ता नाही. हे पुस्तक तुमच्या हातात पडेल तेव्हा मॅडम स्टेजवर वाकून जोड्या मोजत असतील. त्या हसतात की माझा कान धरतात, ते मला बघायचंय. तोवर पाया पडतो, कुणाला बोलू नका. शेजारच्या खुर्चीवाल्यालासुद्धा नको.