स्टेशनचे माठ

माझे सासरे तात्याराव मराठवाड्यातल्या एका लहानशा स्टेशनावर सव्वीस वर्षं रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. १९९३ मध्ये रूळ रुंद झाले, गाड्या न थांबता जाऊ लागल्या आणि ते स्टेशन बंद पडलं. सासरे त्याच वर्षी रिटायर झाले नि आमच्याकडे, भाईंदर पूर्वेच्या दीड खोलीत राहायला आले. सोबत एक कंदील आणि ढीगभर आठवणी. कंदील माळ्यावर गेला. आठवणी मात्र रोज जेवताना ताटात पडायच्या.

दर रविवारी त्यांच्या गावचे राघोबा पाटील जवळच्या सिल्व्हर पार्कहून गप्पा मारायला यायचे. एकदा म्हणाले, "तात्याराव, स्टेशनचा इतिहास लिहून ठेवा. आणि माठातलं पाणी विसरू नका. आमची आई शेवटच्या दुखण्यात तेच पाणी मागायची."

सासऱ्यांनी शंभर पानी वही भरली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ती नीट उतरवून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुनेला नाही म्हणायची सोय कुठे असते! सासूबाईंना, वैजयंताबाईंना, वाचता येत नाही. म्हणून उतरवलेलं पान मी मोठ्याने वाचायची आणि त्या भाजी निवडत ऐकायच्या.

सतराव्या पानावर होतं, "प्लॅटफॉर्मवरचे दोन माठ रेल्वेचा पाणीवाला भरत असे."

सासूबाईंचा हात थांबला. "तेजश्री, त्या पाणीवाल्याचं नाव काय लिवलंय?"

नाव नव्हतं. सासरे खिडकीबाहेर बघू लागले.

मग सासूबाईंनीच सांगितलं. पाणीवाल्याची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आलाच नाही. तेव्हापासून स्टेशन बंद होईपर्यंत अठरा वर्षं ते माठ सासूबाईंनीच भरले, उजाडायच्या आत, बिनपगारी. आम्हा बौद्धांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं. म्हणून कुणी विचारलं की सासरे सांगायचे, पाणीवाला भरतो.

"खरं सांगितलं असतं तर लोकांनी माठ फोडले असते," सासरे म्हणाले.

"तवा बरोबर व्हतं तुमचं. आता हितं भाईंदरला कोन येतंय फोडायला?"

सासऱ्यांनी वही मिटून ठेवली. मला त्यांचा राग आला आणि कीवही. आमच्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड येतं, आणि या वयातही नळाखाली पहिली बादली सासूबाईच लावतात.

पुढच्या रविवारी पाटील आले तेव्हा सासरे स्वतःच वही वाचायला बसले. सतराव्या पानावर आले आणि वाचलं: "अठरा वर्षं हे माठ माझी पत्नी वैजयंता हिने भरले. मी लोकांना खोटं सांगत होतो." ती ओळ त्यांनी कधी बदलली, मला कळलंच नाही.

पाटलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आईला बिचारीला हे शेवटपर्यंत कळलं नाही."

"कळलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "एकदा पहाटं कळशी घेऊन टेशनात आल्या, तर मी तिथल्या हिरीवर माठासाठी पानी शेंदत व्हते. दोघी बघतच राहिलो. मग त्यांनी कळशी पुढं केली. म्हनल्या, 'भर. मी काय बघितलं न्हाई.' त्याच्यानंतर रोज त्याच वक्ताला यायच्या."