खेकड्याच्या बाटलीतली चिठ्ठी

आज प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना स्पिरिटचा वास आला आणि आमच्या मेढ्याजवळचा ओढा आठवला. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी बंगळूरच्या नोकरीवर निघणार होते, आणि त्याआधी एक खेकडा हवा होता. फौजेतून रिटायर झालेले वडील बाटली धरून काठावर उभे होते. "ह्यात बघायचं काय असतंय?" मी म्हटलं, खेकड्याच्या डीएनएत उड्या मारणारे तुकडे असतात, त्यांची वर्गवारी करायची. काही तुकडे आपली नक्कल दुसरीकडं धाडतात आणि स्वतः जागेवरच राहतात. काही मात्र जागाच सोडून जातात. वडिलांनी पेन्सिलनं ठिकाणाची चिठ्ठी लिहून बाटलीत सोडली. "आन जो निघून गेला, त्याच्या जागी मागं काय ऱ्हातं गं?" मला वाटलं, ते खेकड्याचंच विचारतायत. म्हणून बाटलीचं झाकण आवळत सांगून टाकलं, "काही नाही. कधीकधी डीएनएची तीन-चार जादा अक्षरं." "एवढंच व्हय?" म्हणाले आणि पाण्याकडं बघत राहिले. आता वडील नाहीत, गावाकडं कुणीच नाही. कपाटातली ती बाटली उजेडात धरली. खेकडा पांढराफटक पडलाय. चिठ्ठीवर मात्र त्यांच्या हातची चार अक्षरं तशीच आहेत: मेढा ओढा.