रुळावरचं स्थळ

सीमाला दोन स्थळं सांगून आली होती. एक बाळापूरकडचं, बागायती. दुसरं पाच स्टेशनं पलीकडचं, कोरडवाहू. आई मनकर्णाबाईंनी दुसरं धरलं. नवरा सूर्यभान कुरकुरला, तशा म्हणाल्या, "रुळावरचं गाव हाय. सकाळी गाडीत बसलं का जेवाच्या वक्ती पोरीपाशी. आनखी काय पायजे?"

त्यांच्या वाघझरीच्या स्टेशनाचा तेव्हा फार रुबाब होता असंही नाही. एक खोली, एक कडुनिंब आणि शकुंतला नावाची छोटी आगगाडी, चालीनं बैलगाडीची सख्खी बहीण. हात दाखवला की थांबायची. गार्डच उतरून तिकीट द्यायचा, फाटकही तोच लावायचा. एकेकाळी इथून कापूस जाई. मनकर्णाबाईंच्या वेळी लेकींसाठी खाण्याचे डबे जात. लोणचं गार्डच्या हाती द्यायचं, तिकडे सीमा फलाटावर उभीच.

मग दुरुस्तीसाठी म्हणून गाडी बंद झाली, ती बंदच राहिली. स्टेशनाच्या खोलीत शेळ्या शिरल्या, रुळांत बाभळी माजल्या. सडकेनं जायचं तर मूर्तिजापूरचा वळसा आणि तीन गाड्या बदलायच्या. लेकीची भेट दिवाळीवर आली. गाव मात्र अजून "रुळावरचं स्थळ" म्हणतच होतं. कशाच्या जिवावर, देव जाणे.

गेल्या श्रावणात सकाळीच जावयाचा फोन आला. सीमा रात्री तापात गेली होती. "माहेरचं लुगडं घेऊन या," एवढंच तो बोलू शकला. सवाष्णीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं.

एसटी दुपारची. मनकर्णाबाईंनी हिरवं लुगडं छातीशी धरलं आणि सरळ रूळ धरला. सूर्यभान मागून ओरडत राहिला. इतकी वर्षं गाडी गेली ती वाट आपल्याला पोचवणारच, हेच त्यांच्या डोक्यात. काट्यांनी ओरबाडून घेत दोन स्टेशनं गेल्या. पुढे नाला दुथडी भरलेला, आणि पुलावर नुसते रूळ; खालच्या फळ्या कुजून पडलेल्या. त्या काठावर बसून ढसाढसा रडल्या आणि माघारी फिरल्या.

सडकेनं पोचेपर्यंत दिवेलागण झाली. चिता विझत आली होती. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दिवस मावळाले आला, किती थांबाव बाई? दुकानातलं आनून नेसवलं."

ते हिरवं लुगडं ट्रंकेत पडून आहे. नेसवत नाही, कुणाला देववतही नाही.

परवा शेजारचे शेषराव उत्साहानं सांगत आले, "वयनी, मोजणीवाले येऊन गेले! गाडी सुरू होनार म्हंतात."

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. "होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी आता कोनाकडे जाऊ?"