हात धुऊन या

मावशी ओळखीच्या माणसालाही ओळख दाखवत नसे. अंधेरी पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी दुधाचं केंद्र होतं. पत्र्याच्या त्या खोपटात ती सकाळ-संध्याकाळ बसायची आणि दहा वर्षं रोज पाहिलेल्या माणसालाही आधी विचारायची, "कार्ड?" एकदा तिचा सख्खा दीर दुधाचं कार्ड घरी विसरून आला. रांगेसमोर ती त्याला म्हणाली, "तोंड ओळखते रे तुझं. पण तोंडावर दूध मिळत नाय. कार्ड घेऊन ये." तो तणतणत गेला, तणतणत परत आला. बाटल्या त्याच्या पिशवीत ठेवताना तिने तितक्याच शांतपणे विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

तिच्या पायाशी पाण्याची बादली आणि लाल साबणाची वडी असे. कार्डांना लागलेला हात ती बाटलीला लावत नसे. त्यामुळे सकाळभर तिचं हात धुणं चालू असायचं आणि रांग खोळंबायची. बाटली देण्याआधी ती उजेडात धरून बघायची, मग झाकणाच्या पातळ पत्र्यावरून अंगठा फिरवायची. कोणी घाईने फळीवरच्या बाटल्यांना परस्पर हात घातला, की ती बादलीकडे बोट दाखवायची. "हात धुऊन या." मोठमोठे साहेब बाहेरच्या नळावर हात धुऊन आलेले मी पाहिले आहेत. गल्ली तिला मागून साबणमावशी म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. "साबणच म्हणतात ना? मळ तर नाय म्हणत," एवढंच तिचं उत्तर.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. बोलणं कमी, वाचणं जास्त. मावशीशी माझा संबंध कार्डापुरता होता. मग मला मुलगी झाली.

तिचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला होता आणि टाळूही उघडी होती. तिला ओढून पिता येत नसे. पाजायला घेतलं की दूध नाकातून बाहेर यायचं, ती गुदमरायची, आणि मी घाबरून तिला बाजूला करायची. तिसऱ्या आठवड्यात माझं दूध आटलं. नवरा बदलीवर मद्रासला. भेटायला येणाऱ्या बायका बाळाकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि हळूच विचारत, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?"

त्या वर्षी मोठं सूर्यग्रहण झालं होतं. सगळी मुंबई दारं लावून घरात बसली होती. मीही घरात होते, पण एका नव्या पुस्तकाची जोडलेली पानं सुरीने कापत बसले होते. शिकलेल्या बाईने हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट. मला ती सोडता येत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, बाहेर नेताना तोंड झाकत जा, दृष्ट लागेल. दृष्टीचं नुसतं निमित्त होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी झाकू लागले.

अशीच एकदा पदराखाली बाळ घेऊन मी रांगेत उभी होते. मावशी म्हणाली, "काय झाकलंस गो एवढ्या उकाड्यात?" मी काही बोलायच्या आत ती हात धुऊन खोपटातून बाहेर आली आणि तिने पदर बाजूला केला. रांगेतले सगळे बघत होते. मावशीने बराच वेळ बाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ही उपाशी आहे."

तोवर सगळ्यांनी ओठ पाहिला होता. भूक पाहणारी ती पहिली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं केंद्र बंद करून ती आमच्याकडे येऊ लागली. तिने सुई लाल होईपर्यंत तापवून बाळाच्या बाटलीच्या रबरी बुचाचं भोक मोठं केलं. बाळाला आडवं न घेता उभं धरायला शिकवलं. एक घोट, मग थांबायचं, पाठीवरून हात, मग दुसरा घोट. एका वेळेला पाऊण तास. बाटली वीस मिनिटं उकळायची. दूध कोमट आहे का ते मनगटावर थेंब पाडून बघायचं. चव कधीच घ्यायची नाही. एकदा मी चुकून बूच ओठांना लावलं, तर तिने बाटली हातातून काढून घेतली आणि सगळं दूध मोरीत ओतलं. "बाळाचं उष्टं आपण खायचं, आपलं उष्टं बाळाला नाय. जगातली सगळी घाण आपल्या तोंडात असते. बोलतो ते वेगळंच."

ग्रहणाची गोष्ट मी फक्त तिलाच सांगितली. बाटल्या उकळत होत्या आणि मी तिच्याकडे पाठ करून बोलत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरेच्या तबेल्यात केवढ्या तरी म्हशी गाभण होत्या तेव्हा. ग्रहण म्हणून कोणी त्यांचा चारा कापायचा थांबला नव्हता. जा, एकेक रेडकाचं तोंड बघून ये." मी हसले. बाळ झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

पाचव्या महिन्यात बाळाचं वजन भरलं आणि मद्रासच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. सोबत ताकीदही. जुलाब, ताप, सर्दी, काहीही झालं तर तारीख जाईल आणि मग पुढचे कित्येक महिने मिळणार नाही. आगगाडीच्या दीड दिवसाच्या प्रवासात दूध टिकायचं नाही, म्हणून नवऱ्याच्या कंपनीने विमानाची दोन तिकिटं दिली. आम्हाला न्यायला यायला नवऱ्याला रजा मिळाली नाही. मावशीने केंद्र दुसऱ्या बाईवर सोपवलं, तिला साबण दाखवून ठेवला आणि माझ्याबरोबर निघाली. नेसूची नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एकच भरलेली बाटली. विमान सुटताना आणि उतरताना पाजायचं आणि थेट इस्पितळ गाठायचं, असा तिचा हिशोब होता.

त्या दिवसांत विमानं पळवल्याच्या बातम्या यायच्या. विमानतळावर कसून तपासणी चालली होती. टेबलामागच्या शिपायाने फडकं सोडलं, बाटली हलवून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. "पी के दिखाओ."

मी हात पुढे केला. शिपायाला नाही म्हणणं मला जमलंच नसतं. मावशीने माझं मनगट धरलं.

"ती नाय पिणार. मी पण नाय पिणार. बच्चे का है, झूठा नहीं करने का."

"तो खोल के दिखाओ," असं म्हणत त्याने बूच काढायला बोटं लावली. त्याच बोटांनी त्याने आमच्या आधी कोणाच्या तरी चपला तपासल्या होत्या.

"ए! हात मत लगाव! पहले हात धोके आव."

रांगेतलं कोणीतरी हसलं. शिपाई हसला नाही. म्हणाला, नियम आहे. तपासल्याशिवाय बाटली आत जाणार नाही, इथेच राहील.

"तपास ना," मावशी म्हणाली. रागावली की ती हिंदी सोडून मराठीत यायची. "कोण नको म्हणतंय? मी पण रोज तपासते. सख्ख्या दिराला सोडलं नाय, तू मला सोडू नकोस. पण दुधाला हात लावायचा तर धुऊन लाव. बाटली इथे राहणार, तर आम्ही पण इथेच." आणि ती खरोखरच टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

मागची रांग कुरकुरू लागली. "ओ बाई, विमान सुटेल आमचं!" आमच्या विमानाची घोषणा झाली. मी खाली वाकून म्हणाले, "मावशी, मी पिते एक घोट. काही होत नाही. तारीख जाईल गं."

"आणि जुलाब झाले तर तारीख राहील?" तिने खालूनच विचारलं. मग बाळाकडे बघत मालवणीत पुटपुटली, "चेडू उपाशी ऱ्हवांदे, पण उष्टां पिवचां नाय."

शिपायाने आता माझ्या खांद्याकडे बोट केलं. "बच्चे का मुँह क्यों ढका है? कपड़ा हटाओ."

मी पदर घट्ट धरला. आजूबाजूला पन्नास-साठ माणसं होती, सगळी आमच्याचकडे बघत होती. मावशी फरशीवरून उठली. मला वाटलं, ती हात धुऊन येईल आणि त्या दिवसासारखा पदर काढेल. तिने हात लावला नाही. म्हणाली, "तू काढ. चोरी केलीस काय?"

मी पदर काढला.

शिपायाचं बोट खाली आलं. मागची कुरकुर थांबली. मावशी रांगेकडे वळली. "बघा. नीट बघून घ्या सगळ्यांनी. हिला ओढून पिता येत नाय. ही बाटली आहे म्हणून ही आहे. ओठ शिवायला चाललोय आम्ही. झालं बघून?"

शिपायाने बाटली टेबलावर ठेवली. कोणाला काही न सांगता तो आत कुठेतरी गेला. परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि हातातून पाणी ठिबकत होतं. मावशीने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले, कार्ड पाहायची तसे. मग बाटली स्वतः उपडी धरून त्याच्या मनगटावर चार थेंब पाडले. त्याने ते चाटले.

"मीठा नहीं है," तो म्हणाला.

"शक्कर नहीं डालने का. छोटा है ना."

त्याने फडकं उचललं आणि बाटली गुंडाळू लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. "ठीक हो जाएगा ना?" त्याने विचारलं.

"उसी के वास्ते जा रहे," मावशी म्हणाली. पुढे गेल्यावर मला म्हणाली, "माणूस बरा होता. नखं तेवढी वाढलेली." विमानात बाळ सबंध बाटली प्यायलं. मी तोंड झाकलं नव्हतं. नंतरही कधी झाकलं नाही.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. टाळूची पुढच्या वर्षी झाली. टाके निघाल्यावर मी मुलीला केंद्रावर घेऊन गेले, तेव्हा मावशीने तिला उजेडात धरून बाटलीसारखं बघितलं आणि म्हणाली, "आता हिच्या नावाचं कार्ड काढ." मुलगी मोठी झाली. ओठावर एक पांढरी रेघ राहिली, बोलण्यात किंचित अनुनासिक सूर राहिला. शाळेत कोणी विचारलं की ती सांगायची, "मी शिवलेली आहे." हे वाक्य तिला कोणी शिकवलं, ते सांगायला नको.

काचेच्या बाटल्या गेल्या, पिशव्या आल्या. कार्डं गेली. मावशी घरी बसली, पण दारात बादली तशीच.

गेल्या पावसाळ्यानंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला. मी इस्पितळात गेले तेव्हा तिची सून बाहेर उभी होती. "आत जा, पण घाबरू नका हां," ती म्हणाली. मावशीचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, कोपऱ्यातून लाळ येत होती, वाचा गेली होती. लोक बघायला येतात म्हणून सुनेने तिच्या तोंडावर नाकापर्यंत टॉवेल टाकून ठेवला होता. तिचा काही वाईट हेतू नव्हता. माझाही नव्हता तेव्हा.

शेजारच्या खाटांपाशी भेटीला आलेली माणसं बसली होती. काही आमच्याकडे बघत होती. मी आधी कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन आले, मग टॉवेल काढला, घडी करून उशाशी ठेवला आणि तिचं तोंड पुसलं. सून मागून म्हणाली, "अहो, सगळे बघतात." मी म्हणाले, "बघू देत." माझा आवाज वॉर्डभर गेला असावा, कारण पलीकडच्या खाटांवरच्या माना वळल्या.

मावशीने डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

मी ते तिच्या डोळ्यांपुढे धरले, उलटसुलट केले. अजून ओले होते.