फकीरभाईंना मिळालेली विशेषणं

मिरजगावच्या अलीकडं हायवेला एक फाटा लागतो. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, एक पंक्चरवाला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आणि उरलेल्या जागेत सगळे फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीचे, दहाव्याचे. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी फकीरभाई मोटारीची तांब्याची तार आणायला स्कूटरवरून मिरजगावला निघाले होते. फाट्यावर मान वर करून बघतात, तर फ्लेक्सवर ते स्वतःच!

आणि साधेसुधे नव्हेत. टपरीएवढा चेहरा, तोंड उघडं, मूठ वर, डोक्यावर गोल टोपी, दाढी वाऱ्यावर. मागं ज्वाळा, आणि ज्वाळांतून डरकाळी फोडणारा वाघ. खाली लाल-पिवळ्या अक्षरांत, 'जहाल विचारांचे, कट्टर, लढाऊ नेतृत्व मा. फक्रुद्दीनभाई मोटारवाले यांचा भव्य सत्कार'.

स्वतःचा एवढा मोठा फोटो बघून कुणालाही बरं वाटतं, तसं क्षणभर त्यांनाही वाटलं. खोटं कशाला सांगा! पण टपरीवर चहा पीत बसलेली परगावची दोन माणसं त्या फ्लेक्सकडं बघत होती. आधी अक्षरांकडं, मग टोपीकडं, मग परत अक्षरांकडं. ते बघून फकीरभाईंनी स्कूटर हळूच टपरीच्या आडोशाला घेतली.

आता हा माणूस कोण ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या आडोशाचं कारण कळायचं नाही.

फकीरभाई, कागदोपत्री फक्रुद्दीन, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतात. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. मग शेतकरी ती टेम्पोत घालून फकीरभाईंच्या दारात आणतो. गाव कॅनॉलच्या शेपटाला. वरच्या गावांची रानं भिजून उरलं तर यांना पाणी, आणि तेव्हा उरायचं कधीच नाही. म्हणजे गावाला पाण्याची जितकी टंचाई, तितकी फकीरभाईंच्या धंद्याला बरकत. असा माणूस पाण्यासाठी भांडायला सगळ्यांच्या पुढं! पाणी संघर्ष समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब त्यांना एकदा म्हणालेही होते, "आरं, पानी आलं तर तुझा धंदा बसंल की."

"बसू द्या. मी बी बसतो चारीत," फकीरभाई म्हणाले.

आणि बसले की! कॅनॉलची चारी म्हणजे शेतापर्यंत येणारा लहान पाट. त्या कोरड्या चारीत त्यांनी चूल मांडली. आप्पा आणि बाकीचे दिवसा येत, घोषणा देत आणि धारा काढायच्या वेळी घरी जात. फकीरभाई मात्र तिथंच. रतनबाई, म्हणजे आप्पांची बायको, भाकरी आणून देई. शेवटी एक साहेब जीपमधून आले, चारीच्या काठावर उभे राहिले आणि कागद काढून वाचायला लागले, की टेलपर्यंत, म्हणजे कॅनॉलच्या शेपटापर्यंत, पाणी पोचलेले आहे. फकीरभाईंनी चुलीवरचा चहा कपात ओतला आणि वर हात केला. "घ्या साहेब. तुमच्या कागदावर आत्ता हितं कमरंइतकं पानी हाय. कप तेवढा बुडू देऊ नका."

साहेब हसले. चहाही प्यायले. पाणी मात्र आलं नाही, ते यायला बरीच वर्षं गेली. यंदा एकदाचं आलं, म्हणून तर समितीनं हा सत्कार ठरवला. पण चारीतल्या त्या चहाचं तेव्हाच तालुक्याच्या पेपरात छापून आलं, 'लढाऊ कार्यकर्ते फकीरभाई'. तो त्यांच्या आयुष्यातला पहिला मान. पोरं त्यांना लढाऊ चाचा म्हणायला लागली. घरात जहिराभाभी म्हणायच्या, "दुकानात जाऊन बिस्किटाचा पुडा बदलून आणायला लाजतात, आणि म्हणे लढाऊ!"

तसा हा माणूस मूळचा मवाळ. शाळेत असताना गुरुजींनी जहाल आणि मवाळ शिकवायला वर्गाचे दोन गट पाडले होते. जहालांनी आरोळ्या ठोकायच्या, मवाळांनी पाटीवर अर्ज लिहायचा. जहालांत आप्पा. आप्पांनी आरोळी ठोकून बाकावरून उडी मारली ती थेट गुरुजींच्या पायावर, आणि छडी खाल्ली. मवाळांत फकीर. त्याचा अर्ज गुरुजींनी वाचून दाखवला. 'आम्हांस इंग्रज नको आहेत, तरी कृपा करून जावे.' वर्ग अजून हसतोय म्हणा ना!

पुढं जहाल हा शब्द त्यांना फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर भेटला, लवंगी मिरचीला भेटला. कट्टर हा शब्द गावातल्या निम्म्या मोटरसायकलींच्या मडगार्डवर आहे. आप्पांचा पुतण्या सुनील, ज्यानं हा फ्लेक्स छापून आणला, त्याच्या गाडीवर तर दोन्ही बाजूंनी. लढाऊ म्हणजे विमान असतं, कोंबडा असतो, संघटना असते, बाणा असतो. फकीरभाईंना हे सगळं माहीत होतं. पण तेच शब्द त्यांनी दुसरीकडंही ऐकले होते. संध्याकाळी टीव्हीवर लाल पट्टी सरकते, त्यातही जहाल असतं, कट्टर असतं, आणि पुढं जे नाव येतं ते त्यांच्या भावकीतल्या कुणाचंही असू शकतं. तसं आलं की ते जहिराभाभींना म्हणतात, "जरा आवाज कमी कर." घरात दोघंच असली तरी म्हणतात.

तर फाट्यावर ते असे उभे असताना एक पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. आतून मोबाईलचा हात बाहेर आला, फ्लेक्सचा फोटो काढला. गाडी चालवणारा शेजारच्याला काहीतरी बोलला. दोघांनी परत वर बघितलं. हसले असते तर फकीरभाईंना बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. काच वर झाली आणि गाडी सोलापूरच्या दिशेनं गेली.

सोलापूरलाच फैयाज गेला होता, त्यांचा मुलगा, टेम्पोत कांदा भरून. टेम्पोच्या मागं त्यानं मोठ्या हौसेनं नाव रंगवून घेतलं होतं, 'फकीरभाई मोटारवाले'. खाली गावाचं नाव.

तार आणायची राहिली. फकीरभाई घरी परतले. जहिराभाभींनी त्यांचं तोंड बघून गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आप्पाकू बोलो ना, उतारो करके."

"क्या बोलूं?" फकीरभाई म्हणाले. "का उतारा, म्हणून विचारलं तर?"

भाभींनी गॅस परत पेटवला. आप्पांशी दोस्ती बाकावरच्या उडीपासूनची. त्यात शेताचं बोलणं झालं, पोरांच्या लग्नांचं झालं, गुडघ्यांचं तर रोजच होतं. पण 'आप्पा, मला भीती वाटते' हे वाक्य त्यात कधी आलं नव्हतं. आप्पांना ते कधी सुचलं नसतं, आणि फकीरभाईंनी कधी सुचू दिलं नव्हतं.

आप्पा कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडत बसले होते. लांबूनच ओरडले, "या लढाऊ! बगितला का फ्लेक्स?"

"बगितला."

"कसाय?"

"मोठाय."

"मंग! सुन्याला म्हनलं, सरपंचापरीस मोठा पायजे."

फकीरभाई पोत्यावर टेकले. एक सडका कांदा उचलून उगाच बाजूला ठेवला. "आप्पा, त्यो वाघ कशाला?"

"आरं, वाघ फुकट हाय! ज्वाळा बी. फ्लेक्सवाला म्हनला, समद्यांलाच टाकतो."

"तोंड लई उघडं आलंय माझं."

"घोसना काय तोंड मिटून देतेत व्हय? तुझं आपलं कायतरीच."

"तसं न्हाई... तेवढा काढता आला आसता तर..."

आप्पांचा हात थांबला. "काढायचा? का, बारका वाटला व्हय?"

तेवढ्यात रतनबाई चहा घेऊन आल्या. कप पुढं केला, तर फकीरभाईंनी तो न पिताच खाली ठेवला. "काय झालं फकीरभाऊ?"

फकीरभाई आप्पांकडं बघायचं टाळून त्यांच्याशीच बोलले. "वयनी, त्ये शब्द आप्पांच्या नावाम्होरं लिवले तर मानसं हार घिऊन येत्याल. माझ्या नावाम्होरं लिवल्याव कोन येईल, मला म्हाईत न्हाई."

आप्पांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. "कोन बोललं तुला? नाव सांग फकत."

"कोनी बोललं न्हाई."

"मंग?"

"त्येचंच तर भ्या हाय. बोललं आसतं तर बोलून मोकळं झालं आसतं."

"हात लावून दाव म्हनावं कुनी! आख्खं गाव हाय तुझ्या मागं. मी हाय."

"तुमी हितं हाय आप्पा," फकीरभाई म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की आप्पांना वाकावं लागलं. "फैयाज आत्ता सोलापूरच्या मार्केटात हाय. टेम्पोव माझं नाव हाय. तिथं तुमी न्हाई."

आप्पा खाली बसले. जहाल माणूस, आरोळी ठोकायची तर कुठंही ठोकील. पण ही आरोळी कुणावर ठोकायची, तेच त्यांना दिसेना.

सुनील मोबाईल बघत बघत आला होता, त्यानं शेवटचं ऐकलं. पोरगं मनानं चांगलं. म्हणालं, "चाचा, टेन्शन नका घेऊ. लगेच बदलून आनतो. 'शांतताप्रिय नेतृत्व' टाकू."

सकाळपासून घाबरलेला माणूस आता मात्र चिडला. "सुनील, तुझ्या आज्ज्याच्या दहाव्याच्या फ्लेक्सवर लिवलं हुतं का रं शांतताप्रिय?"

"न्हाई."

"का बरं?"

"म्हंजे... त्ये काय लिवायचं? ते तर समद्यांला म्हाईतीच..." सुनील बोलता बोलता थांबला. मोबाईल खिशात घातला.  रतनबाईंनी कप गोळा केले.

"बदलायचा न्हाई, काढायचाच," शेवटी आप्पा म्हणाले. "पन लोक इचारतील. उद्या सत्कार, आन् आज फ्लेक्स काढला. काय सांगायचं?"

ही भीती फकीरभाईंच्या डोक्यात आलीच नव्हती. आता ती पहिलीच्या शेजारी येऊन बसली. लावलेला फ्लेक्स लोक एकदा बघतात. काढलेल्या फ्लेक्सची चर्चा आठवडाभर चालते. का काढला, कुणी काढायला लावला, त्यात काय होतं! ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग आप्पा."

"उठ," आप्पा म्हणाले.

दुपार कलली होती, फाट्यावर सुटलेल्या शाळेची आणि कामावरून परतणाऱ्यांची गर्दी होती. सुनील शिडीवर चढला. त्यानं विळ्यानं एका कोपऱ्याची दोरी कापली, तशी वाघाची मान लोंबायला लागली. टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता हाक मारली, "आप्पा! ओ आप्पा! काढता का फ्लेक्स? काय झालं काय?"

सगळ्या टपऱ्या वळून बघायला लागल्या. पंक्चरवाल्यानं हवा भरायची थांबवली.  काहीतरी बोलायला फकीरभाईंनी तोंड उघडलं, तर आप्पांचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं.

"काय झालं म्हंजे?" आप्पा गरजले. "समितीचा अध्यक्ष कोन? मी! आन् माझा फोटो हाय का त्येच्याव? वाघ बी ह्येच्याच मागं! मला न्हाई बगवत. काढ रं सुन्या!"

फाटा असा हसला की रसाचं गुऱ्हाळ बंद पडल्यासारखं वाटलं. "आप्पा, ह्या वयात?" "आवो, जळायचं तर ज्वाळा हायेत की मागं!" "वयनीला सांगतो, आप्पा फोटोपायी रडले!" आप्पा मिशीला पीळ देत उभे राहिले.  आयुष्यभर त्या फाट्यावर त्यांच्यावर कुणी हसलं नव्हतं. अंधार पडायच्या आत गावभर झालं, की आप्पासाहेब फकीरभाईंवर जळतात. फकीरभाईंबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

संध्याकाळी फैयाजचा फोन आला. फकीरभाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. "सगळं बरं हाय ना? कोनी काय इचारलं?"

"इचारायचं काय अब्बा, भाव इचारत्यात आन् फुडं जात्यात. भाव पडलाय."

भाव पडल्याचं ऐकून एवढं बरं वाटलेला बाप त्या दिवशी तालुक्यात दुसरा नसेल. तरी पांढऱ्या गाडीतला तो फोटो कुठं गेला, कुणाकुणाच्या मोबाईलवर उतरला, हे त्यांना कळलं नाही. आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर मांडव होता. आप्पा खुर्चीत बसले, तेव्हा मागून कुणीतरी "फोटो, फोटो" करून ओरडलं आणि मांडव हसला. आप्पांनी मान डोलवली. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी फ्लेक्स पाठ केला असावा. माईक हातात येताच त्यांनी सुरू केलं, "जहाल विचारांचे! कट्टर! लढाऊ!"

फकीरभाई उठले. उठताना त्यांनी मास्तरांकडं बघितलं नाही, शालीकडंही नाही. आधी मान वळवून मांडवाच्या खांबावर बांधलेल्या कर्ण्याकडं बघितलं. कर्ण्याचं तोंड हायवेकडं नव्हतं, कॅनॉलच्या बाजूच्या रानाकडं होतं. मग त्यांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली आणि शाल घ्यायला खांदे पुढं केले.