सरकाकाकू गवताचं यंत्र घेतात

सगळी नोकरी उभ्यानं काढलेली बाई म्हणजे सरकाकाकू. शहराच्या बसमध्ये त्या कंडक्टर होत्या. "पुढे सरका हो, पुढे सरका, मागे अर्धं गाव लटकलंय!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं, की लोकांनी त्यांना पुढेसरकाकाकू हेच नाव ठेवलं. ते तोंडात मावेना, म्हणून सरकाकाकू झालं. निवृत्त झाल्या तरी नाव काही निवृत्त झालं नाही.

त्याच बसचे ड्रायव्हर म्हणजे काका. एकदा काकांनी करकचून ब्रेक मारला, तिकिटांच्या पेटीसकट काकू पार त्यांच्या सीटपर्यंत येऊन आदळल्या आणि भरल्या बसमध्ये त्यांनी काकांची अशी काही हजेरी घेतली, की प्रवाशांनी उतरायचं सोडून ऐकत बसणं पसंत केलं. त्याच आठवड्यात काकांनी मागणी घातली. असल्या बाईशी भांडण्यापेक्षा लग्न केलेलं सोपं, असं ते अजून सांगतात. ते सोपं गेलं का, हे मात्र सांगत नाहीत.

संसार सुखाचा झाला. काकूंच्या मनात एकच गोष्ट राहून गेली होती. नवीन लग्न झालेलं असताना, रिकाम्या डेपोत, त्या लाजत म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा स्टिअरिंग माझ्या हातात देऊन बघा की." काका स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाले, "अगं, हे काय खेळणं आहे?" काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण इच्छा काही गेली नाही. आयुष्यात एकदा, चाकं असलेलं काहीतरी आपल्या हातानं चालवायचं, एवढीच होती ती.

निवृत्तीनंतर दोघांनी गावाच्या कडेला घर घेतलं. घर लहान, पण भोवती ऐसपैस मोकळी जागा, आणि मागच्या बाजूला चढ. त्या सगळ्यावर गवत. गवताला दुसरा उद्योग नाही, ते वाढत राहिलं. पहिलं कापायचं यंत्र काकांनी स्वस्तात मिळालं म्हणून आणलं. त्याचा पत्रा एका दगडाला लागून असा चेपला, की पाती आतल्या आत खरवडायला लागली. दुसरं दिसायला छान होतं, चढावर अर्ध्यात पोचलं की धापा टाकायचं. एक दिवस त्यानं पट्टा तोडून घेतला आणि मान टाकली. त्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंत्र ढकलणं संपलं. गवत गुडघ्याला लागायला लागलं, आणि तेही नेमकं ऑपरेशनच्या गुडघ्याला.

"आता टिकाऊच घ्यायचं," काका म्हणाले. "मोठाल्या बागांची कामं घेणारे लोक वापरतात ना, तसलं. वर बसून चालवायचं. मी निवांत बसून कापीन."

'मी' हा शब्द काकूंनी बरोबर ऐकला. पण त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या.

दुकान म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड आणि मागे यंत्रं चालवून बघायला उंचसखल मैदान होतं. दुकानदार चष्मेवाले, मवाळ, गिऱ्हाईकावर जीव टाकणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन यंत्रं पुढे काढली. एकाला जाडजूड गादीची सीट होती. काकांचा चेहरा ती बघून लोण्यासारखा वितळला. दुसऱ्याला सीटच नव्हती. मागे पाय ठेवायला एक फळी, मांडी टेकायला एक उशी आणि हाताशी दोन दांडे.

"हे उभ्यानं चालवायचं," दुकानदार म्हणाले. "मजबूत आहे, पण हे दिवसभर राबणाऱ्यांसाठी असतं, काकू. घरच्या कामाला एवढं लागत नाही."

"घरच्या कामाला सुट्टी असते का हो?" काकूंनी विचारलं. दुकानदारांनी चष्मा पुसायला घेतला.

मग काकूंनी यंत्राची तपासणी सुरू केली. बस घेऊन निघण्याआधी त्या कधी दिवे बघायच्या नाहीत की रंग. सगळे दांडे, पत्रे, पायऱ्या धरून गदागदा हलवायच्या. जे खुळखुळतं ते तुटतं, हा त्यांचा कायदा. त्यांनी गादीवाल्याला हलवलं. कुठूनतरी टणटण आली. उभ्यावाल्याला हलवलं, तर काकूच हलल्या, यंत्र जागचं ढळलं नाही. त्या भरदुकानात फरशीवर आडव्या झाल्या आणि खाली डोकावल्या. पात्यांवरचं लोखंड जाड होतं, सांधे वेल्डिंगनं भरलेले, आणि ग्रीस भरायच्या जागा हात सहज पोचेल अशा.

"पट्टा तुटला तर?" जमिनीवरूनच त्यांनी विचारलं.

"इथेच मिळतो. पातीसुद्धा. मीच बसवून देतो."

"आणि आमच्या घरच्या शेडमध्ये मावेल?"

"फळी वर उचलून ठेवायची. त्या सीटवाल्यापेक्षा कमी जागा घेतं."

"अगं, ऊठ, लोक बघतायत," काका पुटपुटले. "बरं, उभ्याचंही एकदा चालवून बघू. मन नको दुखवायला." कुणाचं मन, ते काही कळलं नाही.

मैदानावर दुकानदारांनी यंत्र सुरू करून दिलं. पाती बंदच ठेवली, हे त्यांचं नशीब. काका फळीवर चढले, दोन्ही दांडे धरले, मान ताठ केली. आणि आता जे झालं ते जगात फक्त या दोघांच्याच हातून होऊ शकलं असतं. ड्रायव्हर जागेवर बसला की कंडक्टरनं मागे चढायचं, ही काकूंच्या अंगात इतकी मुरलेली गोष्ट, की विचार न करता त्यांनी एक उडी मारली, काकांच्या मागे फळीच्या टोकावर उभ्या राहिल्या, हातानं वरची दांडी शोधली, ती नव्हतीच, म्हणून काकांची कॉलर धरली, आणि ओरडल्या, "चला!"

हुकूम म्हटल्यावर काकांचे हात आपोआप पुढे गेले. एका माणसाच्या फळीवर दोघांचं वजन. यंत्रानं नाक वर केलं, पुढची चाकं आभाळाला दाखवली आणि तसंच तरातरा निघालं. काका पायानं ब्रेक शोधत होते. ब्रेक पायाशी नव्हताच. "काकू, उतरा! एकानंच, एकानंच!" दुकानदार हात वर करून धावत होते.

काकू उतरल्या. उतरल्या म्हणजे काय, चालत्या बसमधून उतरावं तशा दोन पावलं पळून थांबल्या. यंत्राचं नाक धपकन खाली आलं, काका दचकून फळीवरून खाली आले, आणि यंत्र बंद पडलं. फळीवरून पाय निघाला की आपोआप बंद व्हायची त्याची सोयच होती. दुकानदारांचा जीव भांड्यात पडला. काकू मात्र गवतात बसून पोट धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकांनी कॉलर सारखी केली.

मग काकांनी एकट्यानं चालवून पाहिलं. पण ड्रायव्हरचं अंग ताठ, गुडघा नवीन, आणि पाय दर वळणावर ब्रेकच्या शोधात फळीबाहेर. यंत्र दर वेळी बंद. चौथ्यांदा बंद पडल्यावर ते उतरले आणि म्हणाले, "हे काही खरं नाही. ते सीटवालंच द्या."

दुकानदार शेडकडे वळलेसुद्धा. काकूंच्या लक्षात आलं, आता आपण गप्प बसलो तर झालं. उरलेलं आयुष्य काका गादीवर बसून फेऱ्या मारणार आणि आपण ओट्यावरून बघणार. अख्ख्या शहराला पुढे सरकवलेल्या बाईच्या तोंडून आवाज निघाला तो बारीकच.

"मी चालवू?"

काका थबकले. डेपोतलं तेच उत्तर तोंडावर आलं असावं. पण काकूंचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं. "चालव," ते म्हणाले.

काकू चढल्या. दांडे हळूच पुढे केले. यंत्र हललं तसे त्यांचे गुडघे आपसूक सैल झाले. खड्ड्यातून, वळणावरून, धक्क्यातून उभं राहायचं शिक्षण त्यांचं आयुष्यभर झालेलं होतं. वळणावर अंग आपोआप आत झुकलं. चढावर वजन आपोआप पुढे गेलं. पहिली फेरी जपून झाली. दुसरीला वेग आला. तिसरीला काकू शेडच्या आड दिसेनाशा झाल्या, नुसता घरघराट ऐकू येत राहिला आणि मधूनच एक किंकाळी.

"पडल्या का काय?" दुकानदार म्हणाले.

"छे," काका म्हणाले. "ती हसतेय."

दुसऱ्या बाजूनं काकू प्रकटल्या त्या केस विस्कटलेल्या, पदर खोचलेला, गाल लाल, आणि एका झाडाच्या फांदीखालून वाकून निघताना "सांभाळून हो!" असं स्वतःलाच ओरडत. दोघांसमोर येऊन त्यांनी दांडे अलगद मागे घेतले. यंत्र जागच्या जागी, कुणाला धक्का न बसता थांबलं. काकांनी ते थांबणं बारकाईनं पाहिलं. चाळीस प्रवासी असते तर एकाचाही तोल गेला नसता.

"अहो," काकू धापा टाकत म्हणाल्या, "समोरचं सगळं दिसतं हो इथून! मला आयुष्यभर माणसांच्या मानाच दिसल्या. आणि हे असलं सगळं रोज तुम्ही एकटेच बघत होतात?"

एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यानं दोघं गेली होती, आणि तो रस्ता आपण हिला कधी दाखवलाच नाही, हे काकांच्या कधी मनातच आलं नव्हतं. चष्मा नसताना त्यांचे डोळे पुसून झाले.

"मग काका, सीटवालं बांधून ठेवू ना?" दुकानदारांनी विचारलं.

"मला काय विचारता?" काका म्हणाले. "चालवणार ती आहे. तिला विचारा."

दुकानदार काकूंकडे वळले. हसू येतंय की रडू, हे काकूंना कळेना.

"आणखी एक फेरी मारून सांगते," त्या म्हणाल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत निघाल्यासुद्धा.

गाडी आपल्याला सोडून पुढे जाताना पाहण्याची काकांची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.