कोटाच्या खिशातलं पिस्तूल

त्या हिवाळ्यात जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, कामावरून परतताना, ट्रामच्या थांब्यावर एका माणसाने मला ढकललं. ओळख ना पाळख. काहीतरी ओरडला आणि निघून गेला. गुडघा फुटला, एवढंच. पण नवऱ्याने फार मनावर घेतलं. माझ्यासाठी पिस्तूल घ्यायचंच, असं त्याने ठरवलं.

खरं पिस्तूल इथे जवळ बाळगू देत नाहीत. मिळतं ते नुसता बार काढणारं आणि डोळे झोंबवणारा गॅस सोडणारं. तेही लपवून न्यायला परवाना लागतो. तो मिळाल्यावर आम्ही दुकानात गेलो.

दुकानातल्या बाईंनी दोन पिस्तुलं काउंटरवर ठेवली. "रिव्हॉल्व्हर घ्या. ते सहसा अडकत नाही."

नवरा कुकरची शिट्टी तपासावी तसा एकेक भाग बघत होता. "खिशात चुकून उडालं तर?"

"चाप कडक आहे. सहज उडणार नाही."

मी ते खिशात ठेवून पाहिलं. कोट एका बाजूला ओघळला.

"अगदी खऱ्यासारखं दिसतं," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून पोलिसांसमोर कधी बाहेर काढू नका. लांबून त्यांनाही फरक कळत नाही."

आता पोलिसांनाही भ्यायचं. तरी घेतलं, कारण त्या दिवसापासून नवऱ्याला झोप लागत नव्हती.

पुढे एका संध्याकाळी तोच माणूस ट्राममध्ये चढला आणि माझ्यासमोर बसला. माझा हात खिशात गेला. शेजारी बाबागाडीत एक बाळ झोपलं होतं. बंद डब्यात गॅस सोडला असता तर त्याचं काय झालं असतं? हात रिकामाच बाहेर काढला, उठले आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिले. त्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही. मी त्याच्या लक्षातही नव्हते.

घरी आल्यावर पिस्तूल नवऱ्यापुढे ठेवलं. "मला हे नाही रे वागवत."

त्याने ते उचलून बाजूला ठेवलं. "मग मी येत जातो तुला घ्यायला."

"रोज?"

"जमेल तसं."

पिस्तूल कपाटात कुलूपबंद झालं. जमेल तसा तो येतो. इतर दिवशी मी थांब्याजवळच्या बेकरीच्या उजेडात उभी राहते, आणि ट्राम आली की ड्रायव्हरजवळच्या पुढच्या दाराने चढते.